गळ्याशी

ग्दान्स्क बंदर, गेट चार, पहाटेचे तीन दहा.
दोन पिवळे खांब. मधून ट्रक जातो
पायी चालणाऱ्याच्या वेगाने,
आणि मी काचेआड एका रेघेकडे बघत बसते.

रेघ बहुतेक वेळा उगाचच बोंबलते.
फरशा असल्या की वाजते, ग्रॅनाइट असला की वाजते,
खताची पोती, केळी, मांजराच्या पेटीतली माती.
जमिनीतून उपसलेल्या प्रत्येक गोष्टीत
थोडी जुनी धग असतेच,
असं मी नव्या पोरांना सांगते.

त्या रात्री कंटेनरात होत्या प्लास्टिकच्या खुर्च्या.
खुर्च्या वाजत नाहीत.

क्ष-किरणांच्या चित्रात त्या नीट दिसल्या,
एकीच्या मांडीवर एक, फिकट नारिंगी,
थेट मागच्या दारापर्यंत.
जादा सावली नाही. तळाला दुसरा पत्रा नाही.
तरी रेघ पुन्हा चढली, आणि चढली ती
कंटेनर यायच्या आधी.

हातातलं यंत्र घेऊन खाली उतरले. नोव्हेंबर,
समुद्रावरून येणारा वारा कानशिलं सोलत होता.
सील पाहिलं, कोपरे पाहिले. यंत्र गप्प.
चाकांपाशी गप्प.
केबिनच्या पायरीवर कुरकुरलं.
थर्मास, पाव, गुंडाळलेली गादी, उशी.
तिथे नाही.
मग झेनॉन फॉर्मेला, वय अठ्ठावन्न,
अकरा वर्षं याच गेटातून जाणारा माणूस,
त्याच्या कोटाच्या वरच्या बटणापाशी
यंत्र ओरडायला लागलं.

दोघेही हललो नाही.

पडद्यावर नाव आलं: आयोडिन, एकशे एकतीस.
त्याने पाकिटातून चौघडी कागद काढला,
इस्पितळाचा शिक्का, घडीवर झिजलेला.
"गळ्याची गाठ," म्हणाला, "औषध प्यायलोय.
मालकाला सांगितलेलं नाही."
आणि थोड्या वेळाने, "घरीही नाही.
सून सहा महिन्यांची आहे. तिच्याजवळ बसायचं नाही म्हणतात.
लांबची खेप लागली सांगून इथेच झोपतो,
कारखान्यामागच्या मैदानात."

मला आठवली शाळेची रांग.
शहाऐंशी साल, मी सहा वर्षांची,
बाई एकेकीच्या तोंडात तपकिरी घोट ओतत होत्या,
गंजलेल्या खिळ्यासारखी चव.
वाऱ्यातून काय आलंय ते कुणी सांगितलं नाही,
थुंकायचं नाही एवढंच सांगितलं.
ते आयोडिन पाजलं होतं
दुसरं आयोडिन गळ्यात शिरू नये म्हणून.
याला पाजलंय ते शिरावं म्हणून.

फॉर्मवर कारणाचा रकाना असतो.
"माल निर्दोष. चालक, वैद्यकीय."
मी लिहीत असताना तो विचारतो,
"किती दिवस वाजणार मी?"
आठ दिवसांत निम्मं, म्हटलं,
मग निम्म्याचं निम्मं.
"म्हणजे संपत नाहीच," तो म्हणाला,
आणि हसला की खोकला, अंधारात कळलं नाही.

त्यानंतर मंगळवारी मंगळवारी तो यायचा.
रेघ चढायची, मी न उतरता हात करायची,
नवा पोरगा माझ्याकडे संशयाने बघायचा.
डिसेंबरात चढण निम्म्यावर. नाताळात आणखी खाली.
जानेवारीच्या एका रात्री फक्त थरथरली,
मांजर झोपेत कान हलवतं तशी.
मुलगी झाली का मुलगा, विचारायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत तो गेला आणि काही वाजलं नाही.
मी खुर्चीवरून अर्धी उठले होते.
केबिनमध्ये उशी दिसली नाही,
निदान मला तरी दिसली नाही;
दिवे डोळ्यांवर होते.

न वाजणाऱ्यांसाठी आमच्या वहीत रकाना नाही.
पेन हातात घेऊन बसले थोडा वेळ.
मागून आला मांजराच्या मातीचा कंटेनर,
बावीस टन.
गेट बोंबललं.